नावु : आम्ही की आपण?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

आपल्या वार्षिक अंकात आधी मराठी विभाग येतो, मग जाहिराती, आणि मग कन्नड विभाग. जाहिरातींतील बऱ्याचशा दोन्ही भाषांत असतात. म्हणजे या अंकात दोन्ही वाचकांशी बोलणारे कोणी असेल तर ते सराफ आणि साडीवाले. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला याचा अभिमान वाटायला हवा, पण खरे सांगायचे तर थोडी लाज वाटते. अंक हातात पडला की मराठी माध्यमातून आलेली मुले जाहिरातींपर्यंत येऊन थांबतात. कन्नड मुले उलट बाजूने तेथपर्यंतच येतात. कथा, कविता, लेख लिहिणारी मंडळी मात्र एकाच वर्गात, बहुतेक वेळा एकाच बाकावर बसलेली असतात.

हे लिहायला कारण झाले ते २०२५ च्या मे महिन्यातील एका बातमीचे. बानू मुश्ताक या हासनच्या लेखिकेच्या कन्नड कथांना दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासाठी आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. पुस्तकाचे नाव ‘हार्ट लॅम्प’. या पारितोषिकाच्या इतिहासात कन्नड पुस्तकाला ते प्रथमच मिळाले आणि कथासंग्रहालाही प्रथमच. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. (अनुवादकाला निम्मा वाटा! आपल्याकडे अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर आले तरी पुष्कळ झाले.) पुस्तकातील बारा कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या आहेत. म्हणजे त्यांतील काही कथा माझ्या जन्माआधीच कन्नडमध्ये छापून आल्या होत्या आणि हासन आमच्या शहापुरापासून एका रात्रीच्या बसप्रवासावर आहे. तरीही त्या कथा मला कळल्या त्या लंडनहून, इंग्रजीतून. माझ्या शेजारी बसणाऱ्या, कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणीलाही हे नाव त्याच दिवशी कळले, ही तिच्यासाठी अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. तिने ती कन्नड विभागात लिहावी.

बानू मुश्ताक यांच्या घरची बोली दखनी उर्दू. शाळेत त्या कन्नड शिकल्या आणि लेखिका कन्नडच्या झाल्या. आमच्या भागात याचे कोणाला आश्चर्य वाटू नये. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड काव्यासाठी. कन्नड कथेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते मास्ती वेंकटेश अय्यंगार घरचे तमिळ. गिरीश कार्नाड कोकणी बोलणारे, जन्म माथेरानचा, नाटके कन्नड. पाळण्यातली भाषा आणि लिहिण्याची भाषा एकच असली पाहिजे हा नियम आपल्या या पट्ट्यात कोणी कधी पाळलेलाच दिसत नाही.

कथाकारांचे पाहिले तर आणखी गंमत आहे. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ चा, एकसंब्याचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. शिक्षण बेळगावात. पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी धारवाडात इंग्रजी शिकवण्यात घालविला. ‘निळासावळा’ पासून ‘पिंगळावेळ’ पर्यंत मराठी कथा ज्यांनी बदलून टाकली ते लेखक त्या काळात पुण्यामुंबईत राहिले नाहीत. कन्नड बोलणाऱ्या गावात, इंग्रजीचे तास घेत, मराठीत लिहीत राहिले. आता दुसरी बाजू पाहा. यशवंत चित्ताल हे उत्तर कन्नड जिल्ह्यातील हनेहळ्ळीचे. नोकरी, संसार, सगळे मुंबईत. २०१४ साली वारले तेही मुंबईतच. त्यांच्या कन्नड कथासंग्रहाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. जयंत कैकिणी गोकर्णचे. तेही कित्येक वर्षे मुंबईत औषध कंपनीत नोकरीला होते आणि चाळी, लोकल, लहान हॉटेले, चित्रपटगृहे यांवर कन्नडमध्ये कथा लिहीत होते. तेजस्विनी निरंजना यांनी केलेल्या त्यांच्या मुंबईकथांच्या इंग्रजी अनुवादाला २०१८ चे दक्षिण आशियाई साहित्याचे डीएससी पारितोषिक मिळाले. आपल्यातील पुष्कळांना कैकिणी ‘मुंगारु मळे’ या चित्रपटाच्या गाण्यांमुळे माहीत आहेत. गाणी पाठ आहेत, कथा नाहीत. शांतिनाथ देसाई हे कन्नड नवकथेतील मोठे नाव; ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

म्हणजे मराठीचा मोठा कथाकार धारवाडात आणि कन्नडचे मोठे कथाकार मुंबई-कोल्हापुरात. पत्त्यांची अदलाबदल इतकी पूर्ण झाली, पण कथांची झाली नाही. मुंबईवर कन्नडमध्ये इतके लिहिले गेले आहे हे मुंबईचा मराठी वाचक जाणतो का? मला शंका आहे. आपल्या ग्रंथालयात मी शोधले. जी.ए. मराठीच्या कपाटात आहेत, चित्ताल कन्नडच्या कपाटात, आणि मध्ये स्पर्धापरीक्षांची दोन कपाटे.

कोणी म्हणेल, कन्नडमधून मराठीत पुष्कळ येते. येते, आणि ते कोणी आणले हे सांगणे माझे कर्तव्य आहे. तेंडुलकरांनी कार्नाडांचे ‘तुघलक’ मराठीत केले. बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘वंशवृक्ष’ च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची पद्धत मला फार आवडते. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवीत आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. स्वतः विरूपाक्ष यांनी मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद केले आहेत. एका घरात दोन्ही दिशांची वाहतूक! २०२५ च्या सप्टेंबरात भैरप्पा गेले तेव्हा मराठी वाचक हळहळला तो या घरामुळे. उलट दिशेने चंद्रकांत पोकळे यांनी कितीतरी मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. सत्तरीच्या दशकात कन्नडमध्ये जी दलित-बंडाय चळवळ उभी राहिली तिला मराठी दलित साहित्याचे बळ होते आणि बानू मुश्ताक त्याच चळवळीत वाढल्या. तेव्हा ‘हार्ट लॅम्प’ मध्ये दूरचा का होईना, आपलाही एक धागा आहे, असे मी म्हणते. अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

पण या आयात-निर्यातीचा ताळेबंद मांडला तर त्यात कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत, आत्मचरित्रे आहेत. कथेच्या सदरात आकडे फार थोडे. प्रकाशक म्हणतात की कथासंग्रह खपत नाही, आणि अनुवादित कथासंग्रह तर नाहीच नाही. हे बाजाराचे गणित मला समजते. परंतु चांगली कथाच लिहिली जात नाही म्हणून ती खपत नाही, असे जे आमचे काही प्राध्यापक तासाला म्हणतात ते मला पटत नाही. जयंत पवार (२०१२), आसाराम लोमटे (२०१६) आणि किरण गुरव (२०२१) असे दहा वर्षांत तीन मराठी कथासंग्रह साहित्य अकादमीने गौरविले. किरण गुरव तर कोल्हापूरकडचे, आपल्या शेजारचे. निपाणीचे महादेव मोरे २०२४ साली वारले. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजातली माणसे यांना मराठीत जागा दिली. निपाणीत कानावर पडते तशी भाषा त्यांनी लिहिली. त्यांच्याइतका जवळचा लेखक आपल्या अभ्यासक्रमात मला कधी भेटला नाही.

आणि प्रकाश नारायण संत! इंदिरा संतांचे चिरंजीव, बेळगावचे, कऱ्हाडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा लंपन कन्नड मुलखात आजी-आजोबांकडे राहतो आणि त्याच्या मराठीत कन्नड शब्द असे मिसळलेले असतात की उपरे वाटत नाहीत. पुण्याचे वाचक त्या शब्दांवर लट्टू होतात. आम्हांला त्यात लट्टू होण्यासारखे काही वाटत नाही, आम्ही तसेच बोलतो. २०२४ साली लंपनवर मालिका निघाली तेव्हा आमच्या गल्लीत ती पाहताना सर्वांत जास्त हसले ते आमचे कन्नड शेजारी.

येथे मला स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे, कारण माझे म्हणणे त्यावर उभे आहे. माझी वर उल्लेखिलेली मैत्रीण वडगावची. घरी यंत्रमाग आहेत. गेल्या वर्षी तिने कन्नडमध्ये एक कथा लिहिली. रात्री लाईट जाते, माग थांबतो आणि त्या आवाजात चाळीस वर्षे झोपलेली अज्जी शांततेमुळे जागी होते. नातवंड तिच्याशी बोलत बसते. हे नातवंड कांड्या भरते, माग चालवते, तयार साड्या सावकाराकडे पोचवते, मजुरीचा हिशेब करते. घराचा सगळा भार त्याच्यावर आहे. शेवटच्या पानावर कळते की ती मुलगी आहे. उद्या तिला पाहायला माणसे यायची आहेत आणि माग धाकट्या भावाच्या नावावर व्हायचे आहेत. त्याला धोटासुद्धा नीट धरता येत नाही.

मी ती मराठीत करायला घेतली. ‘मग्ग’ ला माग हा शब्द आयता मिळाला, अज्जीला तर काही करावेच लागले नाही. पहिले वाक्य पाच मिनिटांत झाले. दुसऱ्या वाक्याला मी अडले. कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ म्हटले की आलेले माणूस बाई की पुरुष हे कळत नाही. मराठीत ‘मी आले’ किंवा ‘मी आलो’, तिसरा मार्ग नाही. शेवटच्या पानाचे गुपित मराठीत पहिल्याच ओळीत फुटते! मग मी एक युक्ती केली. ‘मी पाणी भरले’, ‘मी माग पुसला’ अशा क्रियापदांत बोलणाऱ्याचे लिंग दिसत नाही. तेवढीच वापरून लिहू लागले. चार पाने झाल्यावर पाहते तो त्या पोरीने काम केले, सूत भरले, पैसे मोजले. पण ती कोठे गेली नाही, आली नाही, बसली नाही, झोपली नाही. मैत्रिणीला वाचून दाखविले तर ती म्हणाली, “आमच्या घरी तसंच आहे की.”

उपाय सापडला तो माझ्या आईच्या तोंडी. आमच्या घरी आई, आजी, मावशी सगळ्या ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. शहापूर-बेळगावातच काय, चंदगड-कोल्हापूरकडेही बायका असे बोलतात. शाळेत आम्हांला हे चूक म्हणून शिकविले. मुलींनी ‘आले’ म्हणायचे, नाहीतर निबंधात मार्क कापले जात. आता पहिल्यांदा त्या ‘चुकीचा’ उपयोग झाला. मी सगळी कथा ‘आलो-गेलो’ मध्ये लिहिली. पुण्याचा वाचक शेवटपर्यंत बोलणारा मुलगाच समजेल आणि मग दचकेल. शहापूरचा वाचक दोन्ही शक्यता मनात ठेवून वाचेल. प्रमाण मराठीला जे जमत नव्हते ते बेळगावच्या मराठीला जमले. हे व्याकरणाच्या पुस्तकात कोठे लिहिलेले नाही, पण शेजारणीची कथा आपल्या भाषेत आणू गेले म्हणून मला माझ्या आईची भाषा उपयोगाची आहे हे कळले.

दुसरी अडचण मात्र सुटली नाही. सावकार मराठी बोलणारा. एका साडीवर तेलाचा डाग पडला म्हणून तो मजुरी कापतो. तेव्हा अज्जी त्याला म्हणते की इतकी वर्षे ‘नावु’ कधी हिशेब लिहून ठेवला नाही. हा ‘नावु’ म्हणजे आम्ही की आपण? कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की सावकार बाहेर राहिला आणि वाक्यात राग आला. ‘आपण’ म्हटले की तो आत आला आणि वाक्यात जुना घरोबा आला. अज्जीच्या मनात काय होते? मैत्रिणीला विचारले, तिला सांगता येईना. तिने घरी जाऊन ज्या अज्जीवरून ही अज्जी बेतली तिलाच विचारले, तर त्या म्हातारीला प्रश्नच कळला नाही. मी शेवटी ‘आपण’ लिहिले, दोनदा खोडले, पुन्हा लिहिले.

कथा मराठी विभागाकडे दिली. तेथे सांगण्यात आले, कथा मूळची कन्नड आहे, कन्नड विभागाकडे द्यावी. कन्नड विभागाने सांगितले, ही तर मराठीत आहे. दोघेही अगदी प्रेमाने बोलले. हस्तलिखित परत आले तेव्हा त्यातील प्रत्येक ‘आलो’ भोवती लाल वर्तुळ होते आणि वर सुवाच्य अक्षरात ‘आले’ दुरुस्त केलेले होते. मूळ कन्नड कथा कन्नड विभागात छापून आली. मराठी मुलांपैकी ती कोणी वाचली नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. मला मानणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी तो तोंडावर विचारला : “अगं, इथं मराठीच कशीबशी टिकून आहे. मराठी शाळांत पोरं नाहीत. अशा वेळी तू कन्नड कथांचे गोडवे गाणार?” त्यांची भीती खोटी नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या पिढीने या भाषेसाठी काय सोसले हे आम्ही घरोघरी ऐकत वाढलो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो कोणत्या बाजूने सुटावा हे सांगायची ही जागा नव्हे. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे गावकरी स्वखर्चाने मराठी संमेलने भरवितात, त्यांतील कथाकथनाला मांडव भरतो, आणि मी त्या मांडवात लहानपणापासून सतरंजीवर बसले आहे. ते सगळे माझे आहे. म्हणूनच विचारते, शेजारणीची कथा मराठीत आली तर त्यात वाढते कोण? मराठीच ना? ‘मनोरंजन’ मासिक काढणारे काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव घेतले आणि त्याच गृहस्थांनी १९०९ साली मराठीला पहिला दिवाळी अंक दिला. मराठी कथा ज्या घरात वाढली त्याच्या दारावर बंगाली पाटी होती. कन्नडमध्येही दीपावली विशेषांकांच्या कथास्पर्धांतून कथाकार पुढे आले. दोन्ही भाषांतली कथा एकाच सणाला नवे कपडे घालते, पण फराळाचे ताट भिंतीपलीकडे जात नाही.

उलटा धोका मला अधिक खरा वाटतो. आपण एकमेकांचे साहित्य वाचू ते इंग्रजीतून, आणि तेही परदेशी पारितोषिकाचा शिक्का बसल्यावर. इंग्रजीशी माझे वैर नाही, ‘हार्ट लॅम्प’ मीही इंग्रजीतच वाचले. कन्नड बोलता येते, दुकानाच्या पाट्या वाचता येतात, पण ग्रंथातील कन्नड वाचताना माझा वेग पहिलीच्या मुलाचा असतो. शाळेत कन्नड विषय होता तो मार्कांपुरता. दीपा भास्ती यांनी त्या अनुवादात कन्नड-उर्दू शब्द तिरप्या अक्षरांत घातले नाहीत, तळटीपा दिल्या नाहीत. इंग्रजी वाचकाला ते धाडस वाटले असेल. मराठीत तेच पुस्तक आले तर आपल्याला तळटीप लागणारच नाही; अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द ज्या घरात अगोदरच आले आहेत त्या घराला कसली तळटीप? आपल्यासाठी सोपी असलेली वाट सोडून आपण लांबच्या वाटेने जातो आहोत, एवढेच माझे म्हणणे.

म्हणून संपादक मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. दर अंकात कन्नड विभागातील एक कथा मराठीत आणि मराठी विभागातील एक कथा कन्नडमध्ये छापावी. मूळ लेखक वर्गातलेच असल्याने परवानगीचा प्रश्न नाही, मानधनाचा तर नाहीच. अनुवाद विद्यार्थ्यांनी करावा, लेखक-अनुवादक दोघांनी शेजारी बसून करावा, म्हणजे अडले तर विचारायला माणूस समोर असेल. छपाईची सोळा पाने वाढतील. त्यांचा खर्च मी काढला आहे. तीन जाहिराती जास्त मिळाल्या तर भागतो, आणि त्या आणायची जबाबदारी आम्ही वाणिज्य शाखेच्या मुली घेतो. प्राध्यापकांना विनंती एवढीच की लाल शाई थोडी जपून वापरावी.

पुढील अंकासाठी साहित्य देण्याची तारीख ग्रंथालयाच्या फलकावर लागेल तेव्हा आम्ही दोघी मिळून एकाच लखोट्यात दोन प्रती देणार आहोत, तिची नवी कन्नड कथा आणि माझा मराठी अनुवाद. लखोट्यावर विभागाचे नाव लिहायला एक रेघ असते. ती आम्ही कोरी ठेवणार आहोत. मागच्या कथेतील ‘नावु’ चे अजून ठरलेले नाही. कोणाला काही सुचले तर दुपारच्या सुट्टीत आम्ही ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर असतो.